रजा संपली, थकवा संपला नाही: बर्नआउट आणि दोन सुया

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी १५ दिवसांची रजा घेतली. उत्तर गोव्याच्या किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात, आरक्षण विभागात, मला तेव्हा ११ वर्षं झाली होती. पाऊस लागला की पर्यटक ओसरतात, म्हणून आमच्याकडे रजा मिळते ती याच दिवसांत. फोंड्याच्या घरी पहिले चार दिवस मी नुसती झोपून काढले. मग माहेरी डिचोलीला गेले. आईच्या हातची उकड्या तांदळाची पेज खाल्ली, ओसरीवर बसून पाऊस पाहिला, फोन बंद ठेवला. थकलेल्या माणसाला लोक जे जे करायला सांगतात ते सगळं केलं. सोळाव्या दिवशी कामावर जायला बसमध्ये बसले, पर्वरी ओलांडल्यावर पहिला ई-मेल उघडला, आणि छातीवर तोच दगड. जणू मधले १५ दिवस आलेच नव्हते.

तेव्हा मला वाटलं होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. आता कळतं की रजेचं गणितच तसं असतं. मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या इस्रायली संशोधकांनी १९९७ मध्ये एका कंपनीतल्या कारकुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुट्टीत त्यांचा बर्नआउट खरोखर कमी झाला होता. पण कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवसापासूनच तो चढू लागला आणि तीन आठवड्यांत पूर्वीच्या जागी जाऊन बसला. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं, कारण इतके दिवस मी स्वतःलाच बोल लावत होते.

तर आधी बर्नआउट म्हणजे काय ते नीट पाहू. ज्या विणकामाने मला थोडं मोकळं केलं त्याकडे त्यानंतर वळू, कारण पहिली गोष्ट समजल्याशिवाय दुसरीचा उपयोग कळत नाही.

हा शब्द मानसशास्त्रात रुजवला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात ते काम करत. तिथले स्वयंसेवक तळमळीने यायचे आणि काही महिन्यांत आतून रिकामे व्हायचे. चिडायचे, रुग्णांवर वैतागायचे, जास्त तास राबायचे आणि काम मात्र कमी व्हायचं. त्यांनी यात स्वतःचाही समावेश केला होता. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी या अवस्थेचे तीन भाग वेगळे करून दाखवले आणि सुझन जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये ती मोजायची प्रश्नावली तयार केली. आजही जगभर तीच सर्वांत जास्त वापरली जाते.

ते तीन भाग असे. पहिला, शक्ती संपणं. हा सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा, मन कोरडं पडणं. समोरचा माणूस माणूस न राहता एक तक्रार, एक खोली क्रमांक होतो. माझ्याकडे एकदा एका वयस्क बाईंचा फोन आला होता. नवरा वारला म्हणून त्यांना आरक्षण रद्द करायचं होतं. मी त्यांना परताव्याचे नियम वाचून दाखवले आणि फोन ठेवला. माझ्या मनात काहीही हललं नाही. घरी आल्यावर ते आठवलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. तिसरा भाग म्हणजे आपल्या हातून काही घडतच नाही ही भावना. काम होत असतं, पगार येत असतो, पण आपण केलेल्या कशालाही अर्थ उरलेला नाही असं वाटत राहतं.

लोक पहिल्या भागाला बर्नआउट समजतात आणि म्हणून विश्रांती घ्यायला सांगतात. झोपेने पहिला भाग थोडाफार भरतो. दुसरा आणि तिसरा झोपेने भरत नाहीत. माझे १५ दिवस तिथेच वाया गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटचा उल्लेख आहे, पण आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे जे होतं ते, अशी तिथली व्याख्या आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं. दोष माणसाच्या नसांत शोधण्याआधी कामाच्या ठिकाणी शोधा, असं ही व्याख्या न बोलता सांगते.

याच कारणाने एक सावधगिरी आधी सांगते. सततचा थकवा म्हणजे बर्नआउटच असं घरबसल्या ठरवू नका. थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-१२, मधुमेह, पाळी जाण्याच्या वयातले बदल, या सगळ्यांत माणूस असाच गळून जातो, आणि हे साध्या तपासण्यांतून कळतं. नैराश्य हा तर वेगळाच आजार आहे. साधारण ओळख अशी की बर्नआउट कामाभोवती घुटमळतो, नैराश्य सगळ्या आयुष्यावर पसरतं. चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतानाही, आवडती माणसं भोवती असतानाही काहीच गोड लागत नसेल, जगण्याचा वीट येत असेल, तर सुया-लोकरीचा विचार बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. देशभरासाठी टेलि-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तिथे फोन करायला माणूस अगदी टोकाला पोचलेला असावा लागत नाही.

शरीरात काय चालतं तेही थोडक्यात. संकटाची चाहूल लागली की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा छोटा भाग खालच्या पीयूषिका ग्रंथीला निरोप देतो, ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना देते, आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात येतं. हे वाईट नाही. रोज सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते चढतं आणि रात्री उतरतं, म्हणून तर आपण उठून कामाला लागतो. अडचण होते ती संकट संपलंय हे शरीराला कळत नाही तेव्हा. अंगणात साप दिसला, तो निघून गेला, की धडधड थांबते. पण रात्री साडेदहाला येणारा वरिष्ठांचा संदेश कधीच निघून जात नाही, तो उद्याही येणार असतो. बर्नआउट झालेल्यांच्या कॉर्टिसॉलवर पुष्कळ संशोधन झालं, पण कुणात ते जास्त आढळलं, कुणात कमी. त्यामुळे रक्त तपासून बर्नआउट ओळखता येत नाही. ‘अधिवृक्क ग्रंथी थकल्या आहेत’ असं सांगून कुणी गोळ्या-पावडरी विकत असेल तर घेऊ नका. तसं निदान वैद्यकशास्त्रात मान्य नाही.

मास्लाक यांनी मायकेल लायटर यांच्यासोबत पुढे हेही मांडलं की माणूस आणि काम यांचा मेळ सहा ठिकाणी तुटतो: कामाचा भार, त्यावरचा आपला ताबा, मिळणारा मोबदला आणि शाबासकी, सोबतच्या माणसांशी नातं, न्याय, आणि मूल्यं. सगळे भाराविषयीच बोलतात. माझ्या बाबतीत भार होताच, डिसेंबरात जेवायलाही उठता येत नसे. पण मला खरं पोखरलं ते ताब्याने आणि मूल्यांनी. खोल्या आहेत त्यापेक्षा जास्त विकायचा निर्णय वरून यायचा, आणि ‘माफ करा’ म्हणायला पुढे मी असायचे. शिवाय हसत. आर्ली होशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांचं काम पाहून अशा राबण्याला ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं, आणि तो चेहराही पगारात मोजलेला. गोव्यात पर्यटनावर पोट असलेल्या हजारो घरांत हे श्रम रोज होतात, आणि त्यांना कुणी काम म्हणतच नाही.

वर पुन्हा ‘गोव्यात कसला ताण? तुम्ही सुशेगाद माणसं’ असं ऐकून घ्यावं लागतं. हा शब्द पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आला, त्याचा अर्थ शांत, स्वस्थ. त्यात आळसाचा गंधही नाही. दुपारी दार लोटून अंग टाकणाऱ्या माझ्या आजोबांनी पहाटे उठून कुळागराला, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेला, पाणी लावलेलं असायचं.

आता सावरण्याविषयी. झाबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस भरून कसा येतो याचे चार प्रकार सांगितले. कामापासून मनाने अलग होणं, शरीर-मन सैलावणं, काहीतरी नवं शिकून त्यावर हात बसवणं, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. पहिले दोन आपल्याला माहीत आहेत, निदान तसा आपला समज असतो. तिसरा वाचून मी थबकले. दमलेल्या माणसाने नवीन काही शिकायचं? हे म्हणजे भुकेल्याला लाकडं फोडायला लावणं.

पण विचार केल्यावर पटतं. बर्नआउटचा तिसरा भाग होता ‘माझ्या हातून काही घडत नाही’. तो भरून निघायचा तर हातून काहीतरी घडावंच लागेल. आणि ते असं हवं की ज्यात वरून कुणाचा निर्णय येणार नाही, चूक झाली तर कुणाचं नुकसान नाही, आणि झालेलं काम डोळ्यांना दिसेल.

याला आधार देणारी एक गोष्ट आपल्या गोव्यातच घडली आहे, आणि गोंयकारांना ती फारशी माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. ‘संगाथ’ ही संस्था १९९६ मध्ये इथे सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. या मंडळींनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्याचा बराच त्रास असलेल्या ४९५ जणांवर एक चाचणी केली. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. इथलीच, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला लहान लहान, त्याच्यासाठी अर्थ असलेल्या कृती पुन्हा करायला मदत करत. मूळ कल्पना एवढीच: उत्साह येईल मग मी उठेन, असं थांबून राहू नये. आधी छोटी कृती करावी, उत्साह तिच्यामागून येतो. तीन महिन्यांनी पाहिलं तर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक त्या आजाराच्या रेषेखाली आले होते. नेहमीची सेवा थोडी सुधारून ज्यांना दिली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले. अर्थात ती चाचणी नैराश्यावरची होती, बर्नआउटवरची नव्हे, आणि त्यात कुणी विणकाम शिकवलं नव्हतं. पण ‘आधी हात, मग मन’ हा क्रम मला तिथून कळला.

माझ्या हातात सुया आल्या त्या मात्र हे काहीही वाचण्याआधी. डिचोलीच्या मावशीकडे बसले होते. ती नेहमीसारखी विणत होती, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. तिने विचारपूस केली नाही. नुसत्या दोन सुया पुढे केल्या आणि म्हणाली, ‘बाय, माझं तोंड बघत बसण्यापेक्षा हे धर. वीस टाके घालून दिलेत.’

ज्यांनी कधी विणलं नाही त्यांच्यासाठी इथे जरा थांबते. आपण मराठीत हातमागालाही विणणं म्हणतो आणि लोकरीच्या कामालाही, पण दोन्हींची घडण अगदी वेगळी. मागावर ताणा आणि बाणा असे धाग्यांचे दोन संच एकमेकांतून जातात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. त्याचा एक फास सुईवर असतो, त्यातून दुसरा फास ओढून काढायचा, पहिला सोडून द्यायचा. झाला टाका. आख्खा स्वेटर म्हणजे एकाच धाग्याचे एकमेकांत अडकलेले हजारो फास. म्हणून तो ताणला जातो, आणि म्हणूनच धाग्याचं टोक ओढलं की सगळा उसवतो आणि धागा जसाच्या तसा हाती येतो.

टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट. आणि उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच मागची बाजू. हे मला मावशीने कापड पालथं करून दाखवलं तेव्हा किती आनंद झाला होता! सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्हीकडून सारखी, आडव्या उंचवट्यांची वीण तयार होते. एक ओळ सुलट, एक उलट असं केलं की समोरून गव्हाच्या ओंब्यांसारखी गुळगुळीत वीण दिसते. दोन सुलट, दोन उलट असं आळीपाळीने घातलं की स्वेटरच्या काठाला असते ती ताणणारी पट्टी. एवढं आलं की बाकी सगळं याच दोन टाक्यांची मांडणी.

माझे पहिले टाके इतके घट्ट होते की सुईचं टोक आत शिरेना. मावशीने माझ्या करंगळीवरून धागा सैल केला. ‘धरून ठेवू नको गो. बोटावरून जाऊ दे.’ त्या दुपारी मी सहा ओळी विणल्या. त्यातल्या दोन चुकल्या. आणि उठताना माझ्या लक्षात आलं की तास-सव्वा तास मला ऑफिस आठवलं नव्हतं. त्या १५ दिवसांत, फोन बंद असूनही, हे एकदाही झालं नव्हतं.

असं का होतं? मनातल्या मनात एकच गोष्ट उगाळत राहायला डोक्यातली जी जागा लागते, ती जागा लहान असते. एका वेळी तिथे थोडंच मावतं. विणकाम त्यातला नेमका पुरेसा भाग अडवतं: टाके मोजणं, धाग्याचा ताण, सुलट की उलट. इतकं की उगाळायला जागा उरू नये, पण इतकंही नाही की दम लागावा. ओसरीवर नुसती बसून पाऊस पाहत होते तेव्हा ती जागा रिकामी होती, आणि ऑफिस आपणहून येऊन बसत होतं. चित्रपट पाहतानाही तसंच व्हायचं, कारण बघण्याला हात लागत नाहीत. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने ज्याला प्रवाहात असणं म्हटलं, ते हेच. काम आपल्या कौशल्याच्या किंचित पुढे असलं की माणूस त्यात विरघळतो, आणि वेळ कधी गेला ते कळत नाही.

थेट विणकामावरचं संशोधन फार नाही. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात जगभरातल्या ३५४५ विणकऱ्यांचं सर्वेक्षण आलं, त्यात जास्त वेळा विणणारे लोक जास्त शांत आणि आनंदी वाटत असल्याचं सांगत होते. पण ही माणसं विणकाम आवडणारीच होती. ज्यांना ते आवडलं नाही आणि ज्यांनी सुया माळ्यावर टाकल्या, ती यात नव्हतीच. त्यामुळे विणकामाने बर्नआउट बरा होतो असं मी म्हणणार नाही. ज्याला मातीत हात घालायला आवडतं त्याने रोपं लावावीत, ज्याला तबला आवडतो त्याने तबला शिकावा. पण विणकामात एक गोष्ट आहे जी मला इतरत्र सहज सापडली नाही. चूक परत घेता येते. पूर्णपणे, कुणालाही न दुखावता. टाका सुटला तर खाली शिडी पडत जाते, पण क्रोशाच्या सुईने एकेक पायरी चढवत तो वर आणता येतो. वीस ओळी चुकल्या तर उसवायच्या. धागा वाया जात नाही. ११ वर्षं मी अशा कामात होते जिथे चुकून पाठवलेला एक ई-मेल मागे घेता येत नाही. उसवता येणारं काही हातात असणं म्हणजे काय, ते अशा माणसालाच कळेल.

गोव्यात विणायचं तर काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात, आणि त्या कुणी सांगत नाही. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हिवाळा नावापुरता. लोकरीचा स्वेटर कुणाला घालणार? दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक असतं. शिकायला उत्तम, धागा तुटत नाही, टाके स्पष्ट दिसतात. पण अंगावर घालायचं काही करायचं तर सुती धागाच घ्यावा. सुती धाग्याला लोकरीसारखी लवचिकता नसते, त्यामुळे सुरुवातीला बोटं दुखतात आणि टाके सैल पडतात. घाबरू नये, हात बसतो. सुया आपल्याकडे जुन्या ब्रिटिश क्रमांकांनी मागतात, आणि त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. शिकायला ८ नंबर घ्या. पावसाळ्यात घामेजल्या हातात धातूची सुई चिकटते, बांबूची जास्त सोयीची वाटते. विणकाम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवसांत त्याला कुबट वास येतो. मी जुन्या साडीची पिशवी शिवली आहे.

पहिली वस्तू म्हणून स्वयंपाकघरातलं फडकं करा. ४० टाके घाला आणि चौकोन होईपर्यंत सगळ्या ओळी सुलट विणा. वेडंवाकडं झालं तरी भांडी पुसायला चालतं, आणि रोज हाताला लागतं. मी माझं पहिलं फडकं पूर्ण करायला पाच आठवडे घेतले. रोज दोन ओळी. कधी एकच. त्या दिवसांत मला त्याहून जास्त झेपतच नव्हतं, आणि हेही सांगायला हवं, कारण लोक पहिल्या दिवशी तीन तास विणतात, मनगट धरतं आणि सोडून देतात. वीस मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटं उघडावीत, खांदे सोडावेत. अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली की त्या दिवशी थांबायचं.

आणखी एका धोक्याविषयी मला कळकळीने सांगायचं आहे, कारण मी त्यात सापडले होते. बर्नआउट होणारी माणसं बहुतेक वेळा कामसू असतात. छंद हातात आला की त्याचंही ती ऑफिस करतात. मी तीन महिन्यांत वही घातली: किती ओळी, किती फडकी, आठवड्याचं लक्ष्य. मग मैत्रिणी म्हणाल्या, विकायला ठेव. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी घेईल, पर्यटक तर नक्की घेतील. मी १२ फडक्यांची ऑर्डर घेतली, आणि सातव्या फडक्याला छातीवरचा दगड परत आला.

यामागेही अभ्यास आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना सांगितलं की चित्रं काढलीत तर बक्षीस मिळेल. बक्षीस मिळालं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळू लागली. ज्यांना बक्षिसाचा शब्दच दिला नव्हता त्यांची आवड शाबूत राहिली. विणकामावर घर चालवणाऱ्या बायांबद्दल मला आदर आहे, त्यांचं काम वेगळं. पण जो सावरण्यासाठी विणतो आहे त्याने निदान वर्षभर तरी विकू नये असं माझं ठाम मत आहे. मी उरलेली पाच फडकी पूर्ण करून दिली आणि वही फाडली.

आणि कामाच्या ठिकाणाचं काय? मेळ तुटण्याच्या त्या सहा जागा विणून सांधत नाहीत. रोज दोन ओळी विणून मी पुन्हा त्याच खुर्चीत बसत राहिले असते तर फडकी वाढली असती आणि मी तिथेच राहिले असते. विणकामाने एवढंच केलं की डोकं थोडं मोकळं झालं, आणि मोकळ्या डोक्याला दिसलं की माझा राग कामाच्या तासांवर नसून खोटं बोलावं लागण्यावर आहे. मी रात्री आठनंतरचे संदेश न पाहण्याची आणि जास्तीच्या आरक्षणांचे फोन आळीपाळीने वाटून देण्याची विनंती लेखी केली. पहिलीला हो आलं, दुसरीला नाही. आणखी सात महिन्यांनी मी नोकरी सोडली. आता पणजीत एका छोट्या कार्यालयात हिशेब पाहते. पगार कमी आहे. प्रत्येकाला हे जमणार नाही, घरात कर्ज असेल, एकटीची कमाई असेल, हे मला माहीत आहे. म्हणूनच सगळा भार माणसाच्या छंदावर टाकून मालकांनी मोकळं व्हावं, हे मला मान्य नाही. कर्मचाऱ्यांना तासभर ‘ताणमुक्ती’चं व्याख्यान द्यायचं आणि वेळापत्रक होतं तसंच ठेवायचं, याने कुणी बरं होत नाही.

‘जगण्याला अर्थ सापडला का?’ असं मला एका मैत्रिणीने विचारलं होतं. अर्थ शोधायला बसले होते तेव्हा तो सापडला नाही. मात्र मागच्या वर्षी चुलत बहिणीला दिवस गेले आणि बाळंतविड्याची बोलणी सुरू झाली. दुपटी, झबली दुकानातून येणार होती. टोपडं कोण करणार, असा विषय निघाला, आणि मी काही म्हणायच्या आत आईने माझ्याकडे बघितलं. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, उघडं राहिलं तर तिथून ऊब भराभर जाते, म्हणून आपल्याकडे टोपड्याला एवढं महत्त्व. सुती धागा, १० नंबरच्या सुया, ७२ टाके. पहिलं टोपडं इतकं मोठं झालं की ते माझ्या गुडघ्यावर बसलं. उसवलं. दुसरं बसलं बाळाला. तो मुलगा आता बसू लागला आहे आणि ते टोपडं त्याच्या बाहुल्याला गेलं आहे. मला त्याचा जो आनंद होतो, तसा ११ वर्षांत कुठल्याही पूर्ण भरलेल्या डिसेंबराने दिला नव्हता.

सध्या तिसरं चालू आहे, शेजारच्या घरातल्या लेकीसाठी. मावशीला मोतीबिंदूमुळे आता बारीक टाके दिसत नाहीत. गेल्या रविवारी तिच्याकडे गेले तेव्हा तिने ते विणकाम मागून घेतलं आणि काठाच्या पट्टीवरून, दोन सुलट, दोन उलट, अंगठा फिरवत गेली. मध्येच थांबली. ‘इथे एक कमी आहे,’ म्हणाली.

मी मोजले. ७१ होते. बाहेर अंधारून आलं होतं, मी दिवा लावला आणि टाका कुठे सुटलाय ते शोधत ओळीओळीने खाली उतरू लागले.